सिस्टरची परीक्षा

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातील माझी वाटचाल' असा विषय दिला होता. तो मी परस्पर बदललाय. आयटीवाले या सभागृहात निदान पंधराजण असतील, आणि आमची सगळ्यांची वाटचाल मुख्यतः हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये झाली आहे. मी बोलणार आहे आपल्याच वर्गातल्या, आज येऊ न शकलेल्या एका मैत्रिणीच्या परीक्षेबद्दल. नाव घ्यायचं नाही असं तिने बजावलंय. तुम्ही ओळखालच, पण ओळखलंत तरी ओरडू नका.

बारावीनंतर आमच्यापैकी ज्यांना बरे मार्क होते ते इंजिनिअरिंगला गेले. तिने जीएनएम केलं. खरं तर आपल्या नगरला नर्सिंगची केवढी परंपरा! बूथ हॉस्पिटलच्या सिस्टर आपल्यापैकी कितीतरी घरांना ओळखीच्या. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एवढं असूनही "नर्सिंगला का गेली गं ती?" हा प्रश्न सावेडीपासून माळीवाड्यापर्यंत तेव्हा ऐकू यायचा. तिने नऊ वर्षं वॉर्ड सांभाळले, मग लग्न, मग नवऱ्याच्या नोकरीमुळे न्यू जर्सी. तिथे व्हिसामुळे बरीच वर्षं कामाची परवानगीच नव्हती. ती मिळाली तेव्हा वय त्रेचाळीस. तिथे नर्स म्हणून उभं राहायचं तर राज्याचं लायसन्स हवं, आणि त्यासाठी एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा.

परीक्षेच्या आधी कागदपत्रं. नर्सिंग स्कूलने आणि कौन्सिलने ती थेट तपासणाऱ्या संस्थेकडे पाठवायची असतात, आपल्या हातून चालत नाहीत. इथल्या एका कार्यालयात तिचा फॉर्म सात महिने पडून होता. तिचे वडील, वय शहात्तर, दर सोमवारी जाऊन बसायचे. त्यांच्या चिकाटीवर वेगळं भाषण होईल.

तिचा मला फोन आला तो असा : "तू कॉम्प्युटरवाली ना? हे मशीन माझी परीक्षा घेतं कशी, ते मला सांग." झालं, मी पाच सिस्टरांच्या अभ्यासगटात शिरले. एक ती. एक इथे नगरमध्येच नोकरी करणारी, बहुतेक वेळा नाईट ड्यूटीच्या तयारीत. दोघी मस्कतला, त्यातली एक संगमनेरची आणि एक केरळची. एक पुण्याची. रविवारी आपल्याकडे रात्री आठ, मस्कतला साडेसहा, न्यू जर्सीत सकाळ. भाषा मराठी, हिंदी, इंग्रजी आणि केरळच्या सिस्टरचं झकास मिश्रण. तिच्याकडे ही वाट मावश्या-आत्यांपासून ठाऊक असलेली; आपल्याकडे माहिती सांगणारंच कोणी नाही.

आता परीक्षा. ती १९९४ पासून कॉम्प्युटरवर होते आणि प्रत्येकीचा पेपर वेगळा. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न जरा अवघड, चुकलं की जरा सोपा. आपल्या ग्राउंडवरची उंच उडी आठवा : काठी ओलांडली की सर ती वर करायचे. फक्त इथे पडलात की काठी खाली येते आणि खेळ चालू राहतो. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. उत्तीर्णतेच्या रेषेच्या तुम्ही वर आहात की खाली याची मशीनला ९५ टक्के खात्री पटली की पेपर तिथेच बंद. म्हणजे ८५ वर बंद झाला तर पास असू शकता आणि नापासही. शिवाय पहिल्या ८५ मधले १५ प्रश्न नुसते चाचणीसाठी, त्यांचे गुण धरतच नाहीत. कुठले ते कळत नाही.

यातली सगळ्यात जड गोष्ट अशी, की मशीन मुद्दाम तुम्हाला निम्मे जमतील, निम्मे चुकतील असेच प्रश्न शोधत असतं. त्यामुळे हुशार मुलीलाही आपण बुडतोय असंच वाटत राहतं. आणि सर, तुम्ही आम्हाला शिकवलंत, आधी सगळा पेपर वाचा, सोपं आधी सोडवा, अवघड शेवटी. ते इथे बाद. प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही, मागे येता येत नाही. हे मी त्यांना तीन रविवार समजावलं. संगमनेरची सिस्टर शेवटी म्हणाली, "म्हणजे नाईट ड्यूटीच की. गेलेल्या पेशंटकडे परत जाता येत नाही." मी गप्प.

मग मी बोलणं कमी केलं आणि ऐकू लागले. औषधांची नावं आधी. आपलं पॅरासिटॅमॉल तिकडे ॲसिटामिनोफेन, ॲड्रेनलिन म्हणजे एपिनेफ्रिन, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल. वीस वर्षं हाताने दिलेलं औषध कागदावर परकं. मग कामाची वाटणी : मावशींना काय सांगायचं आणि काय नाही. स्थिर पेशंटचं बीपी घ्यायला सांगता येतं. पण पेशंट आता कसा आहे हे ठरवणं, त्याला समजावून सांगणं सिस्टरनेच करायचं. आणि आमच्या पाचही जणींचं बोट पहिल्यांदा 'डॉक्टरांना कळवा' याच पर्यायावर जायचं. इथल्या वॉर्डात तेच शिकवलं जातं. ही परीक्षा बहुतेक वेळा विचारते, बाई, तू स्वतः आधी काय बघितलंस? माझ्या मते या परीक्षेतला खरा अवघड भाग हाच. बाकी पाठांतर.

एका प्रश्नावर पाऊण तास भांडण झालं. चार पेशंट, आधी कोणाकडे जाल? एक हाड मोडलेला, वेदनेने ओरडतोय. एकीचं थायरॉइडचं ऑपरेशन झालंय, ती सहज म्हणते, तोंडाभोवती मुंग्या येतायत. नगरची सिस्टर म्हणाली, "ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे. मी मुंग्यांकडे जाणार." ऑपरेशनमध्ये शेजारच्या ग्रंथींना धक्का लागला तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं, आधी मुंग्या, मग घसा आवळतो. हे तिने पुस्तकातून नाही, एका रात्रीतून सांगितलं.

मधे एकाने 'परीक्षेत आलेले प्रश्न' पैसे घेऊन देऊ केले. परीक्षार्थी प्रश्न बाहेर न सांगण्याच्या अटीवर बसतो, तेव्हा हे सरळ चोरीचं. पण आमच्यातल्या एकीने फीसाठी दागिना ठेवला होता : मूळ फी २०० डॉलर, अमेरिकेबाहेरच्या केंद्राचे आणखी १५०, वर कर. ती म्हणाली, "तुम्हाला बोलायला सोपं आहे." खरंच होतं ते. आठवडाभर ग्रुप शांत होता. शेवटी तिनेच तो नंबर ब्लॉक केला. का, ते विचारलं नाही.

निकाल सांगते. मस्कतच्या दोघी पास, एकीचा पेपर ८५ वर थांबला. पुण्याची नापास, तीही ८५ वर. आपल्या मैत्रिणीचा १५० पर्यंत गेला आणि ती नापास झाली. इतकं लांबलं याचा अर्थ शेवटपर्यंत मशीनला तिच्याबद्दल ठरवता येत नव्हतं. नापास झालेल्यांना विषयवार अहवाल मिळतो. तिचे बहुतेक विषय 'रेषेजवळ'. दोन परीक्षांमध्ये ४५ दिवसांचं अंतर लागतं. ते संपलंय, तिने तारीख घेतली आहे, पुढच्या महिन्यातली. नगरच्या सिस्टरची पहिलीच वेळ आहे, मुंबईच्या केंद्रावर. पास झाली तरी इथून व्हिसाची रांग कित्येक वर्षांची आहे, हे तिला माहीत आहे. ती तरीही देतेय.

आता माझं काम. आपल्या बॅचमध्ये चार डॉक्टर आहेत, समोरच बसलेत. दोघींना दोन गोष्टी पक्क्या करायच्या आहेत : ईसीजीच्या पट्ट्या वाचणं, आणि प्रसूतीच्या वेळी बाळाच्या ठोक्यांचा आलेख. माझ्याकडून ते होणार नाही. पुढचे चार रविवार, रात्री आठ, एक तास. जेवणाच्या रांगेत मी वही घेऊन उभी आहे, नाव लिहूनच ताट घ्या.