शिक्षकांचे शिक्षण शिक्षकांकडून
(शिक्षक मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



वर्गाचे दार लागले की शिक्षक एकटा असतो. कोणता पाठ फसला, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. पण ते मोकळेपणाने सांगण्याची जागा त्याला क्वचितच मिळते. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यापुढे ते सांगवत नाही, पालकांपुढे तर नाहीच. ही जागा आपणच निर्माण केली पाहिजे.

माझाच अनुभव सांगतो. मी चौथीला अपूर्णांक शिकविले. मुलांनी पुस्तकातील उदाहरणे अचूक सोडविली. नंतर सहज विचारले, ‘एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?’ बहुतेक मुले म्हणाली, ‘एक चतुर्थांश.’ चार हे तीनपेक्षा मोठे ना! मासिक बैठकीत मी हे संकोचतच मांडले. कोणी हसले नाही. शेजारच्या गावच्या बाई म्हणाल्या, ‘‘गुरुजी, माझ्याही वर्गात हेच घडते.’’ दुसऱ्या सहकाऱ्याने विचारले, ‘‘मुलांनी स्वतः भाकरी वाटून पाहिली होती का?’’ नव्हती. मग आम्ही तिघांनी आपापल्या वर्गांत कागदाच्या पट्ट्यांना घड्या घालून तोच पाठ घेतला. पुढील बैठकीत मुलांची उत्तरे समोर ठेवून चर्चा केली. काही मुले तरीही चुकली होती. परंतु ती का चुकतात, हे आता आम्हाला उमगू लागले होते.

या विचाराला आपल्या देशात परंपरा आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद, म्हणजे आताच्या नर्मदापुरम जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ शाळांतून प्रयोगाधारित विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९७८ मध्ये तो जिल्हाभर पोहोचला. शिक्षकांच्या मासिक बैठका हा त्याचा कणा होता. कोणता प्रयोग जमला नाही, मुलांनी कोणते अनपेक्षित प्रश्न विचारले, याची चर्चा तेथे होई आणि शिक्षकांच्या अनुभवांच्या आधारे पाठ्यपुस्तकेही सुधारली जात. २००२ मध्ये राज्य शासनाने तो कार्यक्रम बंद केला. त्याने दिलेला धडा मात्र कायम आहे.

पुढे जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम व सर्व शिक्षा अभियानातून समूह साधन केंद्रांचे जाळे देशभर विणले गेले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. जागा आहे, वेळेची तरतूद आहे. प्रश्न आहे तो त्या वेळेच्या उपयोगाचा. परिपत्रकांचे वाचन आणि माहितीचे तक्ते भरणे यांतच बैठक संपली, तर शिक्षक जसा आला तसाच परत जातो.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. गट दहा-बारा जणांचाच असावा. प्रशासकीय कामाची वेळ वेगळी ठेवावी. दर वेळी एकच प्रश्न घ्यावा, आणि सोबत मुलांच्या वह्या आणाव्यात, कारण वही खोटे बोलत नाही. सूत्रसंचालन आळीपाळीने करावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गटात दिलेली चुकीची कबुली कोणाच्याही गोपनीय अहवालात जाता कामा नये. हा विश्वास एकदा तुटला की, उरते ती केवळ हजेरी.

‘मला हे जमले नाही,’ असे शिक्षक निर्भयपणे म्हणू शकला, तरच त्याच्या वर्गातील मूल ‘मला हे समजले नाही,’ असे म्हणण्याचे धैर्य करील. पुढच्या बैठकीला येताना आपण प्रत्येकाने आपला एक फसलेला पाठ सोबत आणावा, एवढीच विनंती करतो.