कानाला एक, कागदावर दोन

बीडहून परळीकडे निघाले की वाटेत वडवणी लागते. वडवणीकरांना परळी काही दूर नाही. वैजनाथाला बेल वाहायला जाणारी माणसे या भागात घरोघर सापडतील. त्याच वडवणीत शाळेचा तास संपला की बेल होते. कोर्टात कुणाला जामीन मिळाला की लोक म्हणतात, बेल झाला. आणि सरकीपासून वेगळा केलेला कापूस दाबून त्याची जी गच्च गाठ बांधतात, तिलाही व्यापारी बेलच म्हणतो. एका दमात चार बेल झाले. बोलताना आपला कुठे घोटाळा होत नाही. महादेवाला कुणी घंटा वाहत नाही, की कापसाच्या गाठीवर कुणी तासाला बसत नाही. मागचेपुढचे बोलणे अर्थ सांगून जाते. घोटाळा होतो तो मुलाच्या हातात पेन्सिल दिल्यावर.

यांतला पहिला बेल आपला, बाकीचे तीन इंग्रजी. घंटेच्या बेलचे स्पेलिंग बी-ई-एल-एल, जामिनाच्या बेलचे बी-ए-आय-एल आणि गाठीच्या बेलचे बी-ए-एल-ई. यांपैकी जामीन आणि गाठ या दोहोंचा उच्चार खुद्द इंग्रज माणूसही अगदी एकच करतो. त्याच्या कानालाही ते जुळे भाऊच आहेत. घंटा मात्र तो निराळी म्हणतो. तिच्यातला ए आखूड आहे, आणि जामिनातला ए लांबवलेला, शेवटी थोडासा इकडे झुकणारा. आपण मात्र तिघांना एकाच दावणीला बांधतो.

म्हणजे सारखे ऐकू येणारे इंग्रजी शब्द दोन जातींचे आहेत. काही खरोखरच सारखे, आणि काही केवळ आपल्या मराठी कानाला सारखे. शिक्षक मंडळींनी हा भेद आधी मनाशी पक्का करावा, कारण दोन्हींवरचे औषध वेगळे आहे. पहिल्या जातीत कान कितीही तयार केला तरी उपयोग नाही. तिथे अर्थ आणि स्पेलिंग हातात हात घालूनच शिकवावे लागते. दुसरीत आधी तोंड आणि कान तयार करावे लागतात.

दुसऱ्या जातीचे मोठे उदाहरण आपल्या व चे. मराठीला एक व पुरतो, इंग्रजीला दोन लागतात. पश्चिम दिशा ती वेस्ट, डब्ल्यू-ई-एस-टी. अंगातली बंडी तीही वेस्ट, पण व्ही-ई-एस-टी. आणि वाया गेलेले तेही आपल्या तोंडी वेस्ट, डब्ल्यू-ए-एस-टी-ई. हे शिकवायला यंत्र नको. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, डब्ल्यू म्हणताना दिवा विझवताना करतो तसा ओठांचा चंबू करायचा. मुलांना दोन मिनिटांत जमते, आणि हसत हसत जमते. सेल या शब्दाचीही तीच कथा. बॅटरीचा सेल आणि विकणे हा सेल, म्हणजे सी-ई-एल-एल आणि एस-ई-एल-एल, हे खरे जुळे. पण कापडदुकानात लागतो तो सेल, एस-ए-एल-ई, त्यांचा चुलतभाऊ. उच्चाराने थोडा लांबट.

आपल्या मराठवाड्यात आणखी एक भर पडते. घरच्या बोलीत ण चा न होतो, श चा स होतो. कोण आणि कोन एकच, शाळेची साळा. ही बोली काही अशुद्ध नव्हे, तिचे नियम तिला आहेत. मुलाला त्यावरून हिणवू नये. पण असे मूल इंग्रजीच्या तासाला 'ती' या अर्थाचा शी म्हणताना 'पाहणे' या अर्थाचा सी म्हणून जाते, हे गुरुजींनी ध्यानात ठेवावे. तिथे चूक अभ्यासाची नसते.

आता बाजारातून एक फेरी मारू. मोटारसायकल दुरुस्तीच्या पाटीवर ब्रेक हा शब्द कितीदा तरी बी-आर-ई-ए-के असा रंगवलेला असतो. तो तर मोडण्याचा ब्रेक झाला! थांबवण्याचा ब्रेक म्हणजे बी-आर-ए-के-ई. वह्यापेन्सिलींच्या दुकानावरचे स्टेशनरी हे ई-आर-वाय असे संपले पाहिजे. ए-आर-वाय लिहिले तर अर्थ होतो जागच्या जागी उभा, न हलणारा. पाकिटाला इंग्रजीत एन्व्हलप म्हणतात, त्याचे पहिले अक्षर ई, आणि पाकिटे मिळतात ती स्टेशनरी ई ची. एवढी खूण पुरे. पीककर्जाच्या कागदावर इंग्रजीत मुद्दलाला प्रिन्सिपल लिहितात, त्याचा शेवट पी-ए-एल. कॉलेजच्या प्राचार्यांचा शेवटही पी-ए-एल. कारण दोन्हीकडे अर्थ मुख्य असाच आहे. एक मुख्य रक्कम, एक मुख्य माणूस. पी-एल-ई ने संपतो तो प्रिन्सिपल म्हणजे तत्त्व. शेतकऱ्याच्या घरातला सो तर फारच उपयोगी. पेरणे म्हणजे सो, एस-ओ-डब्ल्यू; शिवणे म्हणजेही सो, एस-ई-डब्ल्यू; आणि 'म्हणून' या अर्थाचा सो नुसता एस-ओ.

हे असे का झाले, असा प्रश्न हुशार मूल विचारतेच. त्याला 'इंग्रजी तशीच आहे' असे उत्तर देऊ नये. इंग्लंडात कॅक्स्टनने १४७६ साली छापखाना काढला आणि हळूहळू छापील स्पेलिंगे घट्ट बसत गेली. पण साधारण १४०० ते १७०० या काळात लोकांच्या तोंडचे लांब स्वर बदलत राहिले. लेखन थांबले, बोलणे पुढे गेले. भेटणे हा मीट, एम-डबल ई-टी, आणि मांस हा मीट, एम-ई-ए-टी, एके काळी वेगळे उच्चारले जात. पुढे एक झाले. सरदार या अर्थाच्या नाइटमधला के पूर्वी म्हटला जाई. आज तो मुका आहे, पण कागदावरून हटत नाही. दोन या अर्थाच्या टू मध्ये डब्ल्यू कशाला, तर ट्वेल्व्ह, ट्वेंटी, ट्विन या भावंडांत तो अजून बोलतो आहे. आणि पिठाचा फ्लावर व फुलाचा फ्लावर हे तर मुळात एकच. धान्याचा उत्तम, निवडक भाग म्हणजे त्याचे फूल, असा तो अर्थ होता. पुढे पिठाचे स्पेलिंग वेगळे झाले. आपण मात्र फ्लॉवर म्हणून बाजारातून भाजी आणतो, ती गोष्ट वेगळी!

आपल्याकडे असे नाहीच, असे मात्र कुणी समजू नये. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथे वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून चाले. उर्दूत ज सारख्या एका ध्वनीला चार अक्षरे आहेत. बाळाला नजर लागते ती नजर, म्हणजे दृष्टी, जोय या अक्षराने लिहीत. दरबारात हत्ती नजर करतात, ज्यावरून नजराणा शब्द आला, ती जाल या अक्षराने. मराठीत येताना दोन्ही एकच झाल्या. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेदच नव्हता. पुढे १९६२ च्या लेखननियमांनी शेवटचा इकार दीर्घ ठरवला, तेव्हा हात या अर्थाचा संस्कृत पाणि सुटा लिहिताना प्यायच्या पाण्यातच मिसळून गेला. पाणिग्रहणात तेवढा ऱ्हस्व राहिला. उलटा प्रकारही आहे. 'शंभर वर्षे जग' म्हणताना जो ज येतो, तो 'सारे जग' म्हणताना येत नाही. लिहायला अक्षर मात्र एकच.

आता मुख्य गोष्ट, श्रुतलेखनाची. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. वर्गात पुष्कळदा गुरुजी किंवा बाई दहा शब्द एकामागून एक म्हणतात आणि मुले लिहितात. त्यात 'वीक' असा शब्द आला, तर मुलाने काय लिहावे? आठवडा, डब्ल्यू-डबल ई-के, की अशक्त, डब्ल्यू-ई-ए-के? कोणतेही लिहिले तरी ते कानाशी इमानदारच आहे. एकटा शब्द उच्चारून मुलाला चूक ठरवणे हा माझ्या मते सरळसरळ अन्याय आहे. अमेरिकेत १९२५ पासून मुलांची राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा होते आणि अलीकडच्या काळात तिथे भारतीय वंशाची मुले वारंवार पहिली आली आहेत. त्या स्पर्धेत उभ्या राहिलेल्या मुलाला शब्दाचा अर्थ विचारता येतो, तो वाक्यात घालून मागता येतो, तो मुळात कोणत्या भाषेतला हेही विचारता येते. इतक्या तयारीच्या मुलांना जी सवलत आहे, ती आपल्या तिसरीच्या मुलाला का नसावी?

आणि वडवणीच्या भागात याला आणखी एक बाजू आहे. दिवाळीच्या सुमारास कितीतरी घरे ऊसतोडीला जातात. काही मुले हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येऊन वर्गात बसतात. अशा मुलाच्या वहीवर पहिल्याच दिवशी दहापैकी सात लाल फुल्या पडल्या, तर ते दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावर जाते आणि तिसऱ्या दिवशी येईलच असे नाही. त्या सातांतल्या तीन फुल्या नुसत्या आपल्या विचारण्याच्या पद्धतीच्या असतील, तर त्या वाचवता येतात. म्हणून शब्द नेहमी वाक्यात द्यावा. 'एका वीकमध्ये सात दिवस', 'आजाराने तो वीक झाला'. वाक्य मराठीमिश्रित असले तरी बिघडत नाही.

सरावासाठी याद्या पाठ करून घेण्यापेक्षा मला खेळ बरा वाटतो. अमेरिकेत आल्फ्रेड बट्स नावाच्या स्थापत्यकाराने १९३० नंतरच्या मंदीत, हाताला काम नव्हते तेव्हा, अक्षरांचा एक खेळ तयार केला. तोच १९४८ पासून स्क्रॅबल या नावाने प्रसिद्ध आहे. कोणते अक्षर किती वेळा येते हे त्याने वर्तमानपत्रातून मोजून काढले. नेहमी येणाऱ्या अक्षरांना एक गुण, दुर्मिळांना जास्त. या खेळात कानाला काही किंमत नाही, सगळा कारभार स्पेलिंगचा. म्हणून जुळे शब्द जाणणारा खेळाडू तिथे बाजी मारतो. किल्ली या अर्थाचा की मांडला तर के चे पाच, ई चा एक, वाय चे चार, मिळून दहा. पण बोटी लागतात तो धक्का, त्याचाही उच्चार की च, स्पेलिंग क्यू-यू-ए-वाय. क्यू चे एकट्याचे दहा, एकूण सोळा! रात्रीच्या नाइटला नऊ, सरदाराच्या नाइटला चौदा. तो मुका के पाच गुण कमावून देतो. आपले तीन इंग्रजी बेल मात्र प्रत्येकी सहाचेच. पण गाठीच्या बेलची चार अक्षरे हलवून पाहा. समर्थ या अर्थाचा एबल होतो; आणि बी-ए-ई-एल असेही मांडता येते. तो कोण? तो आपला महादेवाचाच बेल. इंग्रजी शब्दकोशांनी त्याला त्याच अक्षरांनी घरात घेतले आहे.

हा खेळ विकत आणायची गरज नाही. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद घ्यावा आणि बोटाएवढे शंभर तुकडे कापावेत. ई ची बारा अक्षरे करावीत, ए आणि आय ची नऊ-नऊ, ओ ची आठ, एन, आर व टी ची सहा-सहा. डी, एल, एस आणि यू चार-चार, जी तीन. बी, सी, एफ, एच, एम, पी, व्ही, डब्ल्यू आणि वाय प्रत्येकी दोन. जे, के, क्यू, एक्स, झेड एकेकच. दोन तुकडे कोरे ठेवावेत, ते पत्त्यातल्या जोकरासारखे. एक नियम मी आपल्या शाळांसाठी वाढवीन. शब्द मांडणाऱ्याने तो वाक्यात घालून दाखवावा, आणि समोरच्याने त्याचा जुळा शब्द अर्थासह सांगितला तर त्यालाही दोन गुण द्यावेत. गुणांची बेरीज मात्र मागच्या बाकावरच्या मुलाकडे सोपवावी. बेरीज करायची म्हणजे त्याला प्रत्येक शब्द अक्षर-अक्षर वाचावाच लागतो.