पेण-धरमतरची खाद्यफेरी

पूर्वीं मुंबईची आगबोट धरमतर बंदरास लागली, कीं उतारू पुढची वाट धरण्याआधीं पोटाची सोय पाहत. आगबोट गेली, अंबा नदीच्या खाडीवर पूल झाला. आतां माणसें मोटारींतून उतरतात आणि माहितगारास पैसे देऊन त्याच्यासंगें खात खात पायीं हिंडतात. शहरांत रूढ झालेली ही खाद्यफेरी आमच्या बाजूस करावयाची, तर माहितगार कसा निवडावा?

पहिला प्रश्न ऋतूचा विचारावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रांत मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत जो ताज्या पापलेटाचें आमिष दाखवितो, त्यास दुरूनच नमस्कार करावा. पोपटी खावयाची तर हिंवाळ्यांत यावें. भातकापणीनंतर जमिनींत उरलेल्या ओलीवर वाल पिकतो. त्याच्या भरलेल्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, हवीं तर अंडीं, मडक्यांत भरतात. तळाशीं व तोंडाशीं भांबुर्ड्याचा पाला दडपतात आणि मडकें उपडें ठेवून भोंवतीं जाळ करतात. पाण्याचा थेंबही घालीत नाहींत. सारें वाफेवर शिजतें. शेताच्या बांधावर, बोटें भाजून घेत खाल्ली तरच ती पोपटी. बशींत आली कीं त्या नुसत्या उकडलेल्या शेंगा!

जिताड्याची चवही बांधापाशींच कळते. खारबंदिस्तीच्या आंतील तळ्यांत हा मासा वाढवितात. बांध फुटून खारें पाणी शिरलें, तर शेजारचें भातशेत नासतें. माहितगारानें आधीं बांध दाखवावा, मग ताट.

मंडळींची संख्याही विचारावी. पेणला पोह्यांचे पापड लाटणाऱ्या बाईच्या ओसरीवर सहासात माणसें मावतात. वीस शिरलीं तर लाटणें थांबतें आणि तिचा रोज बुडतो. छायाचित्रें काढून, एक पापडही न घेतां निघणाऱ्यांविषयीं मीं न बोललेलेंच बरें. तिला आधीं कळविलें आहे काय आणि भाव ती सांगणार कीं माहितगार, हें पैसे भरण्यापूर्वींच स्पष्ट करून घ्यावें. या प्रश्नाला जो चाचरतो, त्याच्यासंगें जाऊं नये.

अर्धपोटीं निघावें, पहिल्याच घरीं पोट भरूं नये. उन्हाळ्यांत परततांना वडखळ-अलिबाग रस्त्यावर पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसतील. माळ हातीं घेऊन कांद्याची मान चांचपावी. ओली असेल तर ती घरीं टिकत नाहीं.