हौसेचे काम

(नाताळपूर्व हस्तकला विक्रीच्या वेळी आपल्या एका हितचिंतकांनी केलेले भाषण)



मला बोलायची सवय नाही. मी लाकूड कापणारा माणूस. तेही पोटासाठी नाही, हौसेसाठी. निवृत्त झाल्यावर मुलाने स्क्रोल सॉ नावाचे यंत्र घेऊन दिले. शिवणयंत्र पाहिले आहे ना? सुईच्या जागी पाच इंचांचे बारीक पाते आहे असे समजा. पाते जागच्या जागी वर-खाली होते आणि आपण लाकूड फिरवायचे. पाते इतके अरुंद की जागच्या जागी वळता येते, म्हणून नक्षी, अक्षरे, जाळी सगळे निघते. घरात भुसा होतो, त्याबद्दल मंडळीबाहेर बोलू.

टेबलावरचे तारे तुम्ही मघापासून पाहता आहात. त्यातली प्रत्येक खिडकी कापायची तर आधी गिरमिटाने भोक पाडायचे, पाते वरून सोडवायचे, भोकातून ओवायचे, परत ताणून बसवायचे. तार छेडल्यासारखा आवाज आला म्हणजे ताण बरोबर. एका ताऱ्याला चौदा खिडक्या, म्हणजे हे चौदा वेळा. आतले आधी कापायचे, बाहेरची कड शेवटी. नाहीतर हातात धरायला काही उरत नाही. घाई केली की पाते तुटते, लाकूड दाबले की रेघ सोडून जाते.

गेल्या वर्षापासून मी महिन्यातले दोन शनिवार आपल्या वसतिगृहात जातो. तिथे वीज कधी असते, कधी नसते. म्हणून यंत्र घरीच ठेवले आणि हाताने चालवायच्या फ्रेट सॉ नेल्या. यू आकाराची चौकट, त्यात तसेच बारीक पाते, दाते मुठीकडे वळलेले, म्हणजे खाली ओढताना कापते. टेबलाला शिकंज्याने एक फळी आवळायची, तिच्या टोकाला व्ही आकाराची खाच ठेवायची आणि त्या खाचेत काम करायचे. लाकूड म्हणाल तर फळांच्या खोक्यांच्या फळ्या आणि आपल्या मंडळीतल्या सुतारभावाने दिलेले प्लायचे तुकडे.

दिवाळीत एका देणगीदार बंधूंनी मला विचारले, "यातून मुलांना महिन्याला किती सुटेल?" प्रश्न प्रेमाने विचारला होता. मी म्हणालो, काही सुटणार नाही. त्यांचा चेहरा पडला. त्यांना दोष देत नाही, कारण आपण सगळेच असा हिशेब करतो. आपल्या मुलांना आपण गिटार शिकवतो, पोहायला पाठवतो, तेव्हा महिन्याला किती सुटेल हे विचारत नाही. पाड्यावरच्या मुलाच्या हातात काही दिले की मात्र लगेच रोजगार आठवतो. शिवणकाम, गवंडीकाम, वायरमन, हे सगळे हवेच आहे. पण त्या मुलाने एखादी गोष्ट नुसती आवडते म्हणून का करू नये?

निर्गम पुस्तकात देव बसालेलाला कारागिरीसाठी आपल्या आत्म्याने भरतो. दीपवृक्षावर बदामाच्या फुलांसारख्या वाट्या करायला सांगतो. उजेडासाठी फुलांची गरज नव्हती. आपला प्रभूही सुतारच होता. त्याने कधी लहान मुलासाठी लाकडाचा पक्षी कोरला असेल का, असे मला फार वाटते. पण शास्त्रात तसे लिहिलेले नाही, म्हणून तसे म्हणत नाही.

आता माझी चूक सांगतो. सातवीतला एक कातकरी मुलगा आहे. दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर जातात, धाकटी बहीणही त्यांच्याबरोबर जाते. हा वसतिगृहात राहतो. फारसा बोलत नाही. त्याने बैलाचे कोडे कापले, नऊ तुकड्यांचे. शिंग आणि शेपूट स्वतः आखले, माझा नमुना घेतला नाही. शेपूट जरा वेडेवाकडे झाले. आजच्या विक्रीत ते बरे दिसावे म्हणून मी रात्री ते नीट कापले, पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत केले. सकाळी त्याने तुकडे लावून पाहिले, शेपटावर बोट फिरवले आणि सगळे माझ्यासमोर सरकवून म्हणाला, "हे तुमचं झालं, काका."

मला तिथल्या तिथे लाज वाटली. मी त्याची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही, पण दुपारी एक फळी उचलून कोपऱ्यात जाऊन बसला. तीन शनिवार लागले. दोन पाती तुटली. नवा बैल पहिल्यापेक्षा वाकडा आहे, आणि मी त्याला हात लावलेला नाही.

तो बैल तुम्हांला टेबलावर दिसणार नाही. नाताळच्या सुट्टीत तो मुलगा भट्टीवर जाईल, तेव्हा बहिणीसाठी घेऊन जाणार आहे. ती चार वर्षांची आहे. नऊ तुकडे तिला जड जातील का, असे त्याने मला विचारले. मी म्हणालो, तू शेजारी बस म्हणजे जमेल. मी घासलेला बैल मात्र इथे आहे, डावीकडून तिसरा. तो माझा आहे हे माहीत असू द्या.

विक्रीचे पैसे वसतिगृहाच्या धान्याला जातील, ते ठरलेले आहे. माझी मागणी वेगळी आहे. आता अकरा मुले आणि चार मुली शनिवारी येतात आणि फ्रेट सॉ तीनच आहेत. आणखी चार हव्यात. पातळ प्लायसाठी 3 नंबरची पाती लागतात, जाड फळीसाठी 7 नंबरची. दोन्ही डझनाने संपतात. डोळ्यांना चष्मे हवेत, कारण पाते तुटताना उडते. कोणाकडे फर्निचरचे काम निघाले असेल तर प्लायचे तुकडे फेकू नका, वीतभर तुकडाही चालतो. एमडीएफ नको, त्याची धूळ फार बारीक असते आणि मुलांच्या छातीला बरी नाही. तुकडे रविवारी उपासनेनंतर माझ्याकडे द्या, मी गाडीच्या मागच्या बाजूला पोते ठेवलेले आहे.