राखणारा खेळाडू : राफाएल मार्केस

फुटबॉलच्या मैदानावर जो गोल करतो त्याचें नांव दुसऱ्या दिवशीं लहानथोरांच्या तोंडीं होतें. जो गोल होऊं देत नाहीं, त्याच्या वांट्याला हें भाग्य क्वचितच येतें. आघाडीच्या खेळाडूनें दहा संधी दवडून अकरावी साधली, तर लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचतात. उलट बचावाच्या फळींतील खेळाडूनें दहा हल्ले परतविले आणि अकरावा निसटला, तर त्या एका अकराव्याचाच जाब त्याला द्यावा लागतो. घराच्या राखणदाराचेंही असेंच नाहीं काय? ज्या रात्रीं चोरी झाली नाहीं त्या रात्रींचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं.

मेक्सिको देशाचा राफाएल मार्केस हा अशा राखणदारांपैकीं एक होय. १९९६ पासून २०१८ पर्यंत सुमारें बावीस वर्षें तो व्यावसायिक फुटबॉल खेळला. पांच विश्वचषक स्पर्धांत त्यानें आपल्या देशाचें कर्णधारपद भूषविलें. हा मान मिळविणारा जगांतील तो पहिला खेळाडू. आणि या पांचही वेळां त्याचा संघ एकाच उंबरठ्यावरून परत फिरला. अशा माणसाची कारकीर्द सफल म्हणावी कीं विफल, हा प्रश्न केवळ खेळापुरता राहत नाहीं.

मार्केसचा जन्म १३ फेब्रुवारी १९७९ रोजीं मिचोआकान प्रांतांतील सामोरा या गांवीं झाला. ग्वादालाहारा शहरांतील आत्लास या संघांतून तो वयाच्या सतराव्या वर्षीं प्रथम दर्जाच्या स्पर्धेंत उतरला. राष्ट्रीय संघांत त्याचा प्रवेश झाला तो १९९७ च्या फेब्रुवारींत, वयाला अठरा वर्षें पूर्ण होण्यास अवघे कांहीं दिवस उरले असतांना. त्या वेळचे मार्गदर्शक बोरा मिलुतिनोविच यांना दुसराच एक मार्केस हवा होता आणि नामसादृश्यामुळें हा पोरसवदा मुलगा बोलावला गेला, असें सांगितलें जातें. कथेंत तथ्य असो वा नसो, आलेली संधी त्यानें हातची जाऊं दिली नाहीं एवढें खरें.

आत्लास संघांत त्याला अर्जेंटिनाचे रिकार्दो ला व्होल्पे हे गुरु लाभले. बचावाच्या खेळाडूनें चेंडू कसाबसा दूर भिरकावून मोकळें व्हावें, ही जुनी समजूत ला व्होल्पे यांना मान्य नव्हती. चढाईचा आरंभ आपल्याच गोलाजवळून झाला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. त्यांच्या रचनेंत दोन्ही मधले बॅक एकमेकांपासून दूर सरत, मधल्या फळींतील एक खेळाडू मागें येऊन त्यांच्यामध्यें उभा राही, आणि मग तिघे मिळून शांतपणें चेंडू पुढें नेत. यासाठीं बॅकला केवळ बलदंड शरीर पुरत नाहीं; त्याला नजर लागते, उतावीळ न होण्याचा स्वभाव लागतो आणि पन्नास-साठ पावलांवरील सहकाऱ्याच्या पायाशीं चेंडू पोंचविण्याचें कौशल्य लागतें. हे तिन्ही गुण मार्केसमध्यें होते. १९९९ च्या उन्हाळी स्पर्धेंत आत्लासनें अंतिम सामना गांठला. परंतु तोलुका संघाशीं बरोबरी होऊन निकाल पेनल्टीवर गेला आणि विजेतेपद थोडक्यांत हुकलें. उंबरठ्यावरून परतण्याची ही त्याची पहिली ओळख म्हणावी लागेल.

त्याच वर्षीं तो फ्रान्सच्या स्पर्धेंत खेळणाऱ्या मोनाको संघांत गेला आणि पहिल्याच हंगामांत, म्हणजे २००० सालीं, तो संघ फ्रान्सचा विजेता झाला. २००३ मध्यें स्पेनमधील बार्सेलोना या विख्यात संघानें त्याला आपल्याकडे घेतलें. त्या संघाला तेव्हां पडता काळ आला होता. १९९९ नंतर स्पेनचें अजिंक्यपद त्याच्या हातीं लागलें नव्हतें. फ्रँक रायकार्ड यांच्या मार्गदर्शनाखालीं संघाची नव्यानें बांधणी झाली, आणि तींत मार्केसचें स्थान पायाच्या दगडासारखें होतें. २००४-०५ च्या हंगामांत मधल्या फळींतील कांहीं खेळाडू जायबंदी झाले, तेव्हां तो तक्रार न करतां पुढें सरकून त्यांच्या जागीं खेळला. त्या वर्षीं बार्सेलोनानें अजिंक्यपद मिळविलें. पुढें २००६, २००९ आणि २०१० या सालींही मिळविलें.

१७ मे २००६ रोजीं पॅरिस येथें युरोपांतील सर्वश्रेष्ठ स्पर्धेचा, म्हणजे चॅम्पियन्स लीगचा, अंतिम सामना झाला. इंग्लंडच्या आर्सेनल संघानें आधीं गोल केला. बार्सेलोनानें उत्तरार्धांत दोन गोल करून सामना जिंकला. बचावाच्या मध्यभागीं कार्लेस पुयोल याच्या जोडीला मार्केस होता. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला मेक्सिकन. पुयोल अंगावर धांवून जाणारा, तर मार्केस वाट पाहणारा. एक कुऱ्हाड, तर दुसरा आळा. झाडाला दोन्ही लागतात. तीन वर्षांनीं, २००९ मध्यें, बार्सेलोनानें तीच स्पर्धा पुन्हां जिंकली; पण चेल्सीविरुद्ध उपांत्य फेरींत गुडघ्याला दुखापत झाल्यामुळें रोम येथील अंतिम सामना त्याला बाहेरून पाहावा लागला. २०१० सालीं तो अमेरिकेंतील न्यूयॉर्कच्या संघाकडे गेला. तेथील दिवस मात्र त्याला फारसे मानवले नाहींत.

आतां विश्वचषकाकडे वळूं. या स्पर्धेंत आरंभीं गटांतील तीन सामने होत. त्यांतून निभावलेल्या संघाचा चौथा सामना बाद फेरींतील असे, आणि तो जिंकला तर पांचवा सामना उपांत्यपूर्व फेरीचा. मेक्सिकोमध्यें 'पांचवा सामना' हे शब्द एखाद्या नवसासारखे उच्चारले जात, कारण १९९४ पासून २०१८ पर्यंत सलग सात स्पर्धांत हा देश चौथ्या सामन्यापर्यंत आला आणि तेथेंच थांबला. या सातांपैकीं शेवटच्या पांच स्पर्धा मार्केसच्या वांट्याच्या.

२००२ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, हाव्हिएर आगिर्रे यांनीं त्याला कर्णधार केलें. चौथा सामना पडला तो शेजारच्या अमेरिकेशीं. मेक्सिको दोन गोलांनीं हरला. इतकेंच नव्हे, तर सामना संपत आला असतां कोबी जोन्स या प्रतिस्पर्ध्यावर केलेल्या आघाताबद्दल कर्णधारालाच लाल कार्ड दाखवून बाहेर काढण्यांत आलें. राखणदारानेंच तोल सोडावा, याहून वाईट शोभा कोणती? २००६ मध्यें जर्मनींत अर्जेंटिनाविरुद्ध त्यानें सहाव्याच मिनिटाला स्वतः गोल केला. पण बरोबरी झाली, जादा वेळ खेळावा लागला आणि मॅक्सी रॉड्रिगेसच्या एका अप्रतिम फटक्यानें सामना गेला. २०१० सालीं दक्षिण आफ्रिकेंत स्पर्धेच्या उद्घाटनाच्या सामन्यांत यजमानांविरुद्ध बरोबरीचा गोल त्यानेंच केला; चौथ्या सामन्यांत पुन्हां अर्जेंटिनाच आडवा आला. त्या सामन्यांतील अर्जेंटिनाचा पहिला गोल ऑफसाइड होता, तरी पंचांनीं तो ग्राह्य धरला.

यानंतर पुष्कळांना वाटलें कीं मार्केस संपला. तो मायदेशीं लेओन या संघांत परतला आणि चौतिसाव्या-पस्तिसाव्या वर्षीं त्यानें त्या संघाला २०१३ व २०१४ मध्यें लागोपाठ दोन अजिंक्यपदें मिळवून दिलीं. या जोरावर तो ब्राझीलमधील २०१४ च्या विश्वचषकांत पुन्हां कर्णधार म्हणून उभा राहिला. क्रोएशियाविरुद्ध त्यानें डोक्यानें गोल केला. चौथा सामना हॉलंडशीं, फोर्तालेझा येथें. मेक्सिको एका गोलानें पुढें होता. वेळ संपण्यास दोनच मिनिटें उरलीं असतां बरोबरी झाली. पुढें जादा मिनिटांत आर्येन रॉबेन हा मार्केसच्या पायाशीं पडला आणि पंचांनीं पेनल्टी दिली. हुंटेलारनें ती साधली. 'ती पेनल्टी नव्हतीच' हे शब्द मेक्सिकोंत पुढें म्हणीसारखे रूढ झाले. पांचव्या सामन्याच्या इतक्या जवळ तो कधींच आला नव्हता. आणि दोष लागला तो एका पावलाचा.

याहून कठीण कसोटी मैदानाबाहेर आली. ऑगस्ट २०१७ मध्यें अमेरिकेच्या अर्थखात्यानें अमली पदार्थांच्या एका व्यापाऱ्याशीं संबंध असल्याचा आरोप करून त्याच्यावर आर्थिक निर्बंध घातले. मार्केसनें तो आरोप साफ नाकारला. तथापि परिणाम तात्काळ दिसूं लागले. २०१८ मध्यें रशियांतील विश्वचषकासाठीं त्याची निवड झाली, तेव्हां सरावांत इतरांच्या अंगावर व्यापारी कंपन्यांचीं चिन्हें असलेले शर्ट, तर त्याच्या अंगावर कोरा शर्ट. त्यानें पाणी प्यावें तेंही चिन्ह नसलेल्या बाटलींतून. आपल्याच सोबत्यांत असें वेगळें उठून दिसणें एकोणचाळीस वर्षांच्या मानी माणसाला किती जड गेलें असेल! पण जगज्जेत्या जर्मनीविरुद्ध मेक्सिको एका गोलानें पुढें असतां, शेवटचीं सोळा-सतरा मिनिटें निभावण्यासाठीं त्यालाच मैदानांत धाडण्यांत आलें. बाहेर येणाऱ्या आंद्रेस ग्वार्दादोनें कर्णधारपदाची पट्टी त्याच्या हातीं दिली. तो गोल राखला गेला. चौथ्या सामन्यांत ब्राझीलनें मेक्सिकोला हरविलें, आणि त्याबरोबरच मार्केसची कारकीर्द संपली. २०२१ मध्यें अमेरिकेनें निर्बंधांच्या यादींतून त्याचें नांव काढून टाकलें.

त्याच्या आधीं मेक्सिकोचाच गोलरक्षक आंतोनिओ कार्बाहाल हा १९५० पासून १९६६ पर्यंत पांच विश्वचषकांत खेळला होता. या देशाचीं दोन मोठीं नांवें राखणाऱ्यांचींच असावीं, हा निव्वळ योगायोग नसावा. ज्याच्या संघाला वारंवार बलाढ्यांशीं झुंजावें लागतें, त्याला राखणाऱ्याची किंमत अधिक कळते.

निवृत्तीनंतर मार्केस खेळ शिकविण्याकडे वळला. २०२२ मध्यें बार्सेलोनाच्या दुय्यम संघाचा तो मार्गदर्शक झाला, आणि २०२४ मध्यें मेक्सिकोच्या राष्ट्रीय संघाचा सहायक मार्गदर्शक म्हणून त्याची नेमणूक झाली. मुख्य मार्गदर्शक होते तेच आगिर्रे, ज्यांनीं बावीस वर्षांपूर्वी त्याच्या दंडावर प्रथम पट्टी बांधली होती.

पांचवा सामना त्याला लाभला नाहीं. पण पांच वेळां चौथ्या सामन्यापर्यंत संघ आणावयाचा, हरल्यावर चार वर्षें वाट पाहावयाची, आणि पुन्हां त्याच जागीं येऊन उभें राहावयाचें, हें सामर्थ्य विजयाच्या चषकावर कोरतां येत नाहीं, इतकेंच. घरोघर असे राखणारे असतात. न झालेल्या हानीबद्दल त्यांचे आभार मानण्याची आपल्याला संवय नाहीं. ती लावून घेण्यासारखी आहे.