जिथे थांबलात तिथून पुढे



महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात पाहुण्याने यशाबद्दल बोलावं अशी रीत आहे. मी मात्र चालण्याबद्दल बोलणार आहे, तेही नवरा-बायकोने मिळून, एखादी फार लांबची वाट तुकड्या-तुकड्यांनी चालण्याबद्दल. तुमचे संसार अजून पुढे आहेत, म्हणूनच हे आत्ता सांगायला हवं. आपल्याकडे लांबच्या वाटेचा आदर्श म्हणजे नर्मदा परिक्रमा. अमरकंटकपासून समुद्रापर्यंत 1312 किलोमीटर वाहणारी ही नदी दोन्ही काठांनी चालायची, ती मध्ये न ओलांडता. परंपरेने सांगितलेला काळ 3 वर्षं, 3 महिने, 13 दिवसांचा. एवढी सवड कुणाला मिळते? ज्याने घर सोडलं आहे त्याला, किंवा ज्याच्या मागे घर सांभाळायला दुसरं कुणी आहे त्याला. आणि ते दुसरं कुणी म्हणजे बहुतेक वेळा बायको. माझं म्हणणं एवढंच आहे की, वाट सलग चाललात तरच खरी, असा आग्रह धरला की ती आपोआप एकट्या पुरुषाची होते. टप्पे पाडले की ती दोघांना मोकळी होते.

जबलपूरचे चित्रकार आणि लेखक अमृतलाल वेगड यांचं उदाहरण घ्या. चित्रकार नंदलाल बोस यांचे हे विद्यार्थी पुढे कलाशिक्षक झाले. 1977 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते जबलपूरहून मंडल्याकडे चालू लागले. सलग परिक्रमा त्यांनी केलीच नाही. दर खेपेला थोडा काठ चालायचा, घरी यायचं आणि पुढच्या खेपेला राहिलेल्या जागेपासून पाऊल टाकायचं, असं त्यांचं अनेक वर्षं चाललं. त्यातून पुस्तकं आली, रेखाटनं आली, 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार आला. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते 2002 साल. पदयात्रेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, पंचाहत्तरीच्या सुमारास, त्यांनी पुन्हा परिक्रमा धरली आणि या वेळी पत्नी कांता बरोबर होत्या. या वयात दोघांनी मिळून तीन वर्षं सलग चालणं जवळजवळ अशक्यच. काही दिवसांचा एक टप्पा मात्र जमतो.

यावर पहिला आक्षेप श्रद्धेचा आहे: संकल्प मोडला, मग पुण्य कसलं? श्रद्धेने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर तितक्याच आदराने द्यायला हवं. ज्या परंपरेचा दाखला दिला जातो, तिच्यातच थांबे आहेत. चातुर्मासात परिक्रमावासी एका गावी मुक्काम करतो, म्हणूनच तर हिशेब तीन वर्षांच्या पुढे जातो. चार महिने थांबून संकल्प मोडत नसेल, तर पेरणीसाठी, परीक्षेसाठी, आईच्या आजारपणासाठी थांबल्याने तो का मोडावा? अट एकच हवी, आणि ती कडक हवी: जिथे थांबलात तिथूनच पुढे निघायचं, मधला कंटाळवाणा पट्टा गाडीने उरकायचा नाही. जपानमध्ये शिकोकू बेटावर 88 मंदिरांची, सुमारे बाराशे किलोमीटरची यात्रा आहे. ती तुकड्यांनी करण्याची पद्धत तिथे रूढ आहे आणि तिला स्वतंत्र नावही आहे. अमेरिकेतली ॲपलेशियन पायवाट साधारण साडेतीन हजार किलोमीटरची, चौदा राज्यांतून जाणारी. सलग चालायला निघालेल्यांपैकी चारांतला एखादाच शेवट गाठतो. ती पायवाट सांभाळणारी संस्था एका हंगामात वाट संपवणाऱ्याची आणि वीस वर्षांत तुकड्यांनी संपवणाऱ्याची नोंद एकाच मानाने करते. मला हा न्याय योग्य वाटतो, कारण पावलं दोघांचीही तेवढीच पडलेली असतात.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. अंग वाटेला सरावायला आणि डोक्यातून घर उतरायला काही दिवस लागतात. तोवर टप्पा संपतो आणि पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून पाय दुखतात. हे नुकसान आहेच, मी ते नाकारत नाही. पण सवडीची वाट पाहण्याचं नुकसान त्याहून मोठं आहे. वेगड पहिल्या खेपेला ज्या काठाने गेले, त्या जबलपूर–मंडला पट्ट्यातली कितीतरी गावं पुढे नर्मदेवरच्या बर्गी धरणाच्या पाण्यात गेली. सवडीसाठी थांबत राहिले असते तर तो काठ त्यांना पायाखाली मिळालाच नसता. वाट आपल्यासाठी थांबत नाही, आणि बरोबर चालणाऱ्या माणसाचे गुडघेही थांबत नाहीत.

आपल्या परभणीकरांना हे परकं नाही. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी आपल्या शहरातून गंगाखेडकडे निघते, तेव्हा एखादा मुक्काम चालून परतणारे कितीतरी असतात. त्यांना कुणी अर्धे वारकरी म्हणत नाही. अडचण एवढीच, की आषाढी नेमकी खरिपाच्या पेरणीत येते आणि घरातलं एक जण मागे राहतं. टप्प्याची वाट मात्र पंचांगापेक्षा शेताकडे बघून ठरवता येते. सोयाबीन निघालेलं, ज्वारी पेरून झालेली, हवेत गारवा, अशा पौष-माघात दोघांना दोन दिवस काढता येतील. पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात पाऊल उचलत नाही आणि एप्रिल-मेचं ऊन सांगायला नकोच.

यासाठी नर्मदेपर्यंतही जायला नको. गोदावरी आपल्या जिल्ह्यात पाथरी तालुक्यात येते. ढालेगावचा बंधारा, नदीच्या पात्रातलं मुद्गलचं मुद्गलेश्वर मंदिर, मग सोनपेठचा काठ, जनाबाईंचं गंगाखेड, पुढे पालम, आणि शेवटी पूर्णा तालुक्यात पूर्णा नदीचा संगम, असा हा पट्टा आहे. या महाविद्यालयाने त्याचा पायी चालण्याजोगा नकाशा करावा, अशी माझी प्राचार्यांना विनंती आहे. भूगोल विभागाने काठ मोजावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी पिण्याचं पाणी कुठे आहे, रात्री कुणाच्या ओसरीवर किंवा देवळात टेकता येईल, बाईमाणसाला स्वच्छतागृह कुठे मिळेल, हे गावोगाव विचारून लिहावं. शेवटची नोंद सगळ्यांत आधी करा, कारण तिच्यावाचून जोडीतली एक व्यक्ती घरीच राहील. नकाशा तयार झाला की पहिल्या टप्प्यावर पाथरीकडच्या विद्यार्थ्यांच्या आई-वडिलांना पाठवा, दोघांना मिळून.