भिजलेला पीसी: बटण दाबायच्या आधी

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं 57 फूट ओलांडले. वर साताऱ्याकडं कराडातही पाणी शिरलं. असं पाणी ओसरलं, की हात आधी पीसीच्या बटणाकडं जातो. माझं एकच सांगणं: थांबा.

पाणी वाळतं, पण गाळातले क्षार बोर्डावर राहतात. ओल धरली की तिथंच शॉर्ट. पीसी मधेच बंद पडतो.

कोरड्यात उभं राहून मेन स्विच बंद करा, प्लग काढा. एसएमपीएस उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर साठा असू शकतो. भिजलेली हार्ड डिस्क तर चालू करूनही बघू नका, थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडं न्या. बोर्ड नवा मिळतो हो, आजीचे फोटो नाही मिळत.